खाऱ्या हवेतील झटका कुंपण: तार धरणाऱ्या इन्सुलेटरांचे परीक्षण

झटका कुंपण, म्हणजे तारेत विजेचे ठोके सोडणारे कुंपण, घेणारा शेतकरी सगळी घासाघीस ठोके सोडणाऱ्या मशीनच्या किमतीवर करतो आणि तारेतील वीज खांबात उतरू न देणारे इन्सुलेटर मात्र दुकानदार पिशवीत भरून देईल ते घेऊन येतो. निदान किनारपट्टीवर तरी हा हिशेब उलटा करायला हवा, असे माझे मत आहे. रत्नागिरी तालुक्यात, समुद्राचा वारा थेट अंगावर घेणाऱ्या सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर), आमच्याकडे कोकण कपिला गाईंसाठी एक आणि कोकण कन्याळ शेळ्यांसाठी एक अशी दोन आवारे आहेत. त्यांच्या तारा खांबांना धरण्यासाठी बाजारात सहज मिळणारे चार प्रकार आम्ही वापरले: खिळ्यांनी ठोकायचा काळा प्लास्टिकचा पंजा, लाकडात पिळून बसवायची पिवळी कडी, चिनी मातीचे रीळ आणि ताण घेणारा अंड्याच्या आकाराचा इन्सुलेटर. तालुक्याच्या दुकानांत यातला बहुतेक माल सुटाच विकला जातो, त्यामुळे हे परीक्षण कोणा एका कंपनीचे नसून या चार प्रकारांचे आहे.

मशीन साधारण दर सेकंदाला एक, असे काही हजार व्होल्टचे ठोके तारेत सोडते, आणि प्रत्येक ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकतो. जनावराचे नाक तारेला लागले की तो ठोका त्याच्या अंगातून जमिनीत उतरतो आणि जमिनीतून मशीनला जोडलेल्या अर्थिंगच्या सळ्यांकडे परत येतो. ओला, मळलेला किंवा तडकलेला इन्सुलेटर नेमके हेच काम रात्रंदिवस करत बसतो, फक्त झटका कोणालाच बसत नाही. कुंपणाच्या शेवटच्या टोकाला गाईंसाठी किमान ३००० आणि शेळ्यांसाठी ४००० व्होल्ट तरी मिळायला हवेत; शेळीचे केस दाट असतात आणि तिचा स्वभाव चौकस असतो, त्यामुळे तिथे ढिलाई चालत नाही. मशीन कितीही मोठे घेतले तरी शेकडो खांबांवर थोडीथोडी गळती होऊ लागली की टोकाला पोहोचते ती नावापुरती वीज.

काळ्या पंजापासून सुरुवात करतो, कारण सरळ रांगेतील लाकडी खांबांसाठी माझी पहिली पसंती त्यालाच आहे. दोन खिळ्यांनी तो खांबावर बसतो आणि पुढच्या दातांमागे तार अडकवता येते. त्याचा काळा रंग हौसेचा नाही. प्लास्टिकमध्ये मिसळलेली कार्बनची काजळी उन्हातील अतिनील किरण अडवते आणि त्यामुळे प्लास्टिक लवकर ठिसूळ होत नाही. पांढऱ्या प्लास्टिकचे काही नग एका दुकानदाराने ‘तेच आहे, फक्त रंग वेगळा’ असे सांगून गळ्यात मारले होते. एका उन्हाळ्यानंतर त्यांच्यावर खडूसारखी भुकटी धरली आणि बोटाने दाबताच दात तुटून हातात आले. काळ्याचा एक तोटा मात्र सांगायलाच हवा. त्याच्यावर ठिणगीने जळलेली खूण दिसत नाही. आमच्याकडे खालच्या कोपऱ्याजवळ व्होल्टेज पडत होते आणि सगळे नग बाहेरून धड दिसत होते. शेवटी संशयित नग काढून उन्हात तिरका धरला तेव्हा खिळ्याच्या डोक्यापासून तारेच्या खाचेपर्यंत केसाएवढी चकचकीत रेघ दिसली आणि ती नखाने खरवडल्यावर बोटाला काजळी लागली. प्लास्टिकवर अशी कोळशाची वाट एकदा पडली की ती वीज वाहू लागते. पुसून उपयोग होत नाही, नग बदलावाच लागतो. याचे मूळ बहुधा खिळ्यात असते. खिळ्याचे डोके त्याच्या खोबणीत पूर्ण बसले नाही तर ते तारेपासून काही मिलिमीटरवर राहते, आणि पावसाळी हवेत तेवढी फट ठिणगी सहज ओलांडते. साधे लोखंडी खिळे तर समुद्राजवळ वापरूच नयेत. ते गंजून फुगतात, लाकूड पावसात फुगते आणि वैशाखात आक्रसते, आणि या ओढाताणीत पंजा सैल होऊन लटकतो. जस्त चढवलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्यावेत. पंजापेक्षा स्क्रू महाग पडला तरी हरकत नाही.

पिवळी कडी दिसायला सर्वांत आकर्षक आणि बसवायला सर्वांत सोपी आहे, आणि तिच्याबद्दल माझे मत तितकेच प्रतिकूल आहे. कडीच्या मागे लोखंडी पेचाचा दांडा असतो. स्वस्त मालात तो प्लास्टिकच्या आत बराच पुढपर्यंत गेलेला असतो, म्हणजे तार आणि लोखंड यांच्यात उरते ते फक्त पातळ प्लास्टिक. ऐनासारख्या कठीण लाकडात आधी भोक न पाडता पिळल्यास कडीची मान तुटते. गाईने अंग घासले तरी ती तुटते. दांडा गंजायला एक पावसाळा पुरतो. फिरत्या चराईसाठी नायलॉनची तारमिश्रित दोरी काही आठवडे लावायची असेल, तर मात्र ती सोयीची आहे, हे मान्य करायला हवे. दोरी पटकन ओवता येते आणि पिवळा रंग गुरांना लांबून दिसतो. कायमच्या कुंपणासाठी आणि समुद्राकडच्या बाजूला ती घेऊ नये.

चिनी मातीचे रीळ हा जुना, जड आणि कंटाळवाणा प्रकार आहे, आणि सिमेंटच्या खांबांसाठी त्याला तोड नाही. त्याच्यावर उन्हाचा परिणाम होत नाही आणि ठिणगी पडली तरी प्लास्टिकसारखी कोळशाची वाट तयार होत नाही. घेताना प्रत्येक नग हातात फिरवून पाहावा. चकाकी असलेला थर सगळीकडे सलग हवा. जिथे तो उडालेला असतो तिथे खालची माती पाणी शोषते आणि मग असा नग पावसात आतून गळू लागतो. तडा डोळ्यांना दिसत नसला तरी दोन रिळे एकमेकांवर हलके आपटल्यावर धड नगाचा आवाज खणखणीत येतो आणि तडकलेल्याचा बोदा येतो. जुने लोक माठ घेताना हेच करतात. रिळाचा धोका बांधणीत असतो. सिमेंटच्या खांबाला ते बाइंडिंग तारेने बांधले जाते, ही तार मधल्या भोकातून जाते आणि कुंपणाची तार बाहेरच्या खाचेत बसते. गवंड्याने पीळ देऊन उरलेली शेपटी बाहेर वाकवून सोडली तर ती कुंपणाच्या तारेला टेकते, किंवा टेकण्याइतकी जवळ येते, आणि तो खांब कायमचा गळका होतो. शेपटी कापून खांबाच्या मागच्या बाजूला दाबलीच पाहिजे. लोखंडी अँगल वापरणाऱ्यांनी तर याबाबत दुप्पट जागरूक राहावे, कारण लाकूड सुके असेपर्यंत चूक थोडीफार पोटात घालते. लोखंड ती अजिबात घालत नाही.

ताण घेणारे अंडे कोपऱ्यांवर आणि शेवटच्या खांबांवर लागते. त्यात दोन भोके एकमेकांना आडवी असतात. एकातून खांबाकडची तार आणि दुसऱ्यातून कुंपणाची तार अशी ओवली जाते की दोन्ही फासे एकमेकांत गुंततात पण स्पर्श होत नाही. या रचनेत चिनी मातीवर फक्त दाब येतो, ओढ येत नाही, आणि दाब सोसण्यात ही माती पक्की असते. शिवाय फासे एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे एखाद्या वेळी अंडे फुटलेच तरी तार सुटून खाली पडत नाही. इथे प्लास्टिकवर पैसे वाचवू नयेत.

ठिबकच्या जुन्या नळीचे तुकडे कापून, ते तारेवर चढवून वर बाइंडिंग तार आवळण्याची पद्धत आमच्या भागात सर्रास दिसते. फुकटात काम होते आणि उन्हाळ्यात टेस्टरवर आकडाही चांगला येतो. पावसात नळीच्या आत पाणी शिरते आणि तिथेच साचून राहते. आवळलेल्या जागी नळी चिरते, आणि चिरलेली जागा बांधणीच्या तारेखाली झाकली गेल्यामुळे सापडत नाही. घरातील वायरिंगची केबल मशीनपासून कुंपणापर्यंत नेणे हाही त्यातलाच प्रकार. तिचे आवरण ११०० व्होल्टपर्यंतच्या वापरासाठी असते, ८००० व्होल्टच्या ठोक्यांसाठी नाही.

इन्सुलेटर चांगला असूनही त्याची जागा चुकली तर तो टिकत नाही. आवारातील जनावरे आत ठेवायची असतील तर तार खांबाच्या आतल्या बाजूला, म्हणजे जनावराकडे हवी. तशी असली की जनावराचा रेटा इन्सुलेटरला खांबावर दाबतो, उपटत नाही, शिवाय गाईला खांबाला मान घासायची सोय उरत नाही. कोपऱ्यावर मात्र नियम बदलतो. तिथे तारेचा ताण ज्या दिशेने ओढतो त्या बाजूने खांब आड यायला हवा, म्हणून इन्सुलेटर खांबाच्या बाहेरच्या अंगाला बसवावा. मधल्या खांबांवर तार आवळून बांधू नये. ती खाचेतून सरकती राहिली पाहिजे, म्हणजे माडाची झावळी पडली तरी धक्का पूर्ण लांबीवर वाटला जातो आणि एकाच नगाचा बळी जात नाही. गिरीपुष्प किंवा पांगारा यांच्या जिवंत खांबांवर इन्सुलेटर थेट ठोकल्यास झाड वाढता वाढता त्याला गिळते आणि एक दिवस तार सालीला टेकते. आधी झाडावर लाकडी पट्टी आणि पट्टीवर इन्सुलेटर, असे करावे. काटेरी तारेत झटका सोडण्याचा मोह काहींना होतो. अडकलेले जनावर किंवा माणूस तिच्यातून सुटू शकत नाही, त्यामुळे सुरक्षिततेच्या नियमांत त्याला मनाई आहे. आणि मशीन न लावता घरच्या लाइनवरून थेट तारेत वीज सोडणे हा तर सरळ गुन्हा आहे, त्याने माणसे मरतात.

आता खाऱ्या हवेबद्दल. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणून सर्वांचा समज असा की इन्सुलेटरची खरी परीक्षा आषाढात होते. प्रत्यक्षात मुसळधार पाऊस इन्सुलेटर धुऊन काढतो. त्या काळातील व्होल्टेज घसरण्याचे मोठे कारण म्हणजे खालच्या तारेला टेकणारे ओले गवत. ते कापत राहणे एवढाच त्यावर इलाज. इन्सुलेटरची कसोटी दिवाळीनंतर सुरू होते. पाऊस थांबलेला असतो, समुद्राकडून आलेले मीठ आणि रस्त्याची लाल धूळ यांचा थर साचत जातो, आणि पहाटेच्या दवाने तो थर ओला होतो पण धुतला जात नाही. मिठाच्या ओल्या थरातून वीज उत्तम वाहते. दुपारी व्यवस्थित आकडा दाखवणारे कुंपण पहाटे निम्म्यावर येते ते यामुळे. पंजाच्या वळणदार अंगावर मीठ जास्त काळ टिकते, गुळगुळीत रिळावरून ते फवारणीच्या पंपाने गोडे पाणी मारले की उतरते, आणि म्हणून पश्चिमेकडच्या रांगेत लाकडी खांब असूनही आम्ही रिळेच बसवली आहेत. गळका खांब शोधण्यासाठी पहाटे अंधारात तारेच्या कडेने चालावे. टक्-टक् असा आवाज येतो आणि निळसर ठिणगीही दिसते. मीडियम वेव्हचा जुना ट्रान्झिस्टर दोन केंद्रांच्या मधल्या खरखरीवर लावून बरोबर नेला, तर दोष असलेल्या खांबाजवळ दर ठोक्याला तो कडकडतो. यासाठी वेगळे यंत्र घेण्याची गरज पडली नाही.

सड्यावरील कातळात अर्थिंगची सळई उतरत नाही आणि उतरली तरी फाल्गुनापासून जांभा इतका कोरडा पडतो की परतीची वाट बंद होते. आम्ही सळ्या खाली पऱ्याजवळ (ओढ्याजवळ) ओलाव्यात ठोकून तिथून तार वर आणली आहे आणि शेळ्यांच्या आवारात एक तार झटक्याची, एक अर्थची अशी आलटून पालटून लावली आहे, म्हणजे दोन्हींना एकदम लागलेल्या शेळीला कोरड्या जमिनीवरही झटका बसतो. या पद्धतीत अर्थची तारही इन्सुलेटरवरच घ्यावी, म्हणजे पुढेमागे तीही झटक्याची करता येते. खर्च तेवढा वाढतो.

किमतीचे बोलायचे तर प्लास्टिकचा पंजा आम्हाला नगाला दहा रुपयांच्या आसपास पडला आणि रीळ त्याहून महाग. दुकानात नग मोजून न घेता दहा-पंधरा जास्त घ्यावेत, कारण पुढच्या खेपेला त्याच मापाचा माल मिळेलच असे नाही. खाचेचे माप बदलले की तार अडकून बसते. कुंपणाच्या दाराची तार अडकवायची-काढायची स्प्रिंगची मूठही याच दुकानांत मिळते, आणि तिच्या बाबतीत मी समाधानी नाही. प्लास्टिकची पकड ठीक आहे, पण आतली स्प्रिंग जस्त चढवलेली असल्याचे सांगूनही लवकर गंजली. ती बदलताना दाराची जोडणीही तपासून घ्यावी: मूठ काढल्यावर दाराची तार निर्जीव व्हायला हवी, म्हणजे झटका अडकवण्याच्या बाजूने येणारा हवा, बिजागरीच्या बाजूने नव्हे. दोन्ही बाजू जोडणारी केबल दाराखालून पाइपमध्ये नेताना पाइपची तोंडे खाली वाकवावीत, नाहीतर पहिल्याच मृगाच्या सरीत त्यात पाणी भरते.