कार्ड छापायला अंगठा लागत नाही

इंदूरला लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगर या भागांत ज्यांच्या घरी म्हातारी माणसं दुपारची एकटी असतात, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितेय. माझ्या मावशीच्या खात्यातून 25,000 रुपये गेले. ना कुणी ओटीपी विचारला, ना एटीएम कार्ड हातात घेतलं, ना कुठली लिंक आली. पैसे गेले ते तिच्याच बोटांनी.

वेळ अगदी बघून साधली होती. नोव्हेंबर 2025 मध्ये मध्य प्रदेशात मतदार याद्यांचं एसआयआर, म्हणजे सखोल फेरतपासणी, सुरू होतं. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारे कर्मचारी, घरोघरी फॉर्म वाटत फिरत होते आणि कॉलनीत एकच विषय, जुन्या यादीत कुणाचं नाव सापडलं आणि कुणाचं नाही. शिवाय नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. 2014 साली जीवन प्रमाण आल्यापासून हा दाखला मशीनवर बोट टेकवूनही मिळतो. म्हणजे सरकारी माणूस दारात येणं आणि मशीनवर अंगठा देणं, दोन्ही गोष्टी मावशीच्या सवयीच्या.

आला तो मुलगा गळ्यात ओळखपत्र अडकवून, आणि पहिलं वाक्य मराठीत बोलला. बाहेर सगळा व्यवहार हिंदीत करणाऱ्या आपल्या लोकांना दारावर कुणी मराठीत ‘मावशी’ म्हटलं की पाणी विचारल्याशिवाय राहवत नाही. मावशीने तर चहा ठेवला. तो म्हणाला, “मतदार यादीचं झालं, आता सरकार सगळ्यांना राष्ट्रीय ओळखपत्र देणार. ते नसलं तर पुढे पेन्शन अडकेल. आधारवरून प्लास्टिकचं कार्ड होईल, 200 रुपये फी.” आधार नंबर वहीत उतरवून घेतला. मग जाता जाता विचारल्यासारखं, “पेन्शन कोणत्या बँकेत येते? कार्डाला जोडावी लागते.”

पुढचं मावशीने मला करून दाखवलं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं काळं मशीन, त्याची वायर त्याच्या मोबाइलला. काचेवर अंगठा ठेवला की आत लाल उजेड. एकदा ठेवला. “लागत नाहीये मावशी, भांडी घासून रेषा गेल्यात तुमच्या,” म्हणत त्याने रुमालाने तिचा अंगठा पुसला, पुन्हा टेकवला. मग तर्जनी. मग दुसरा हात. दर वेळी मोबाइलकडे बघून मान हलवायचा. शेवटी म्हणाला, “झालं एकदाचं, कार्ड पोस्टाने येईल.” 200 रुपयांची पावतीही फाडून दिली. तिच्यावर कार्यालयाचं नाव नाही, शिक्का नाही, फक्त एक गिचमिड सही.

हे कळलं पासबुक भरायला गेलो तेव्हा. एकाच दुपारी 10,000, परत 10,000 आणि मग 5,000, तिन्हीपुढे एईपीएस. मेसेज आले नव्हते का? आले असणार, पण खात्याला नंबर लावलेला काकांचा. काका गेल्यापासून तो फोन कपाटात बंद पडून आहे. काउंटरवरचा माणूस स्क्रीनकडे बघत म्हणाला, “अम्मा, अंगूठा तो आपका ही है.” मावशीचा चेहरा पडला. पैसे गेल्यापेक्षा तिला हेच जास्त लागलं, की चारचौघांत आपणच खोटं बोलतोय असं वाटावं.

एईपीएस म्हणजे आधारवरून पैसे काढण्याची सोय. खेड्यात एटीएम नसतं, तिथे बँकेचा प्रतिनिधी किंवा एखादा किराणा दुकानदार हे मशीन ठेवतो. आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोट, एवढ्यावर रोकड मिळते, एका वेळी जास्तीत जास्त 10,000. पिन नाही, ओटीपी नाही. सोय चांगली आहे, पण अंगठा कशासाठी टेकवतोय हे देणाऱ्याला दिसतच नाही. स्क्रीन समोरच्याच्या हातात. कोऱ्या चेकवर सही करून देण्यातलाच हा प्रकार.

आणि ते राष्ट्रीय ओळखपत्र? 2003 साली नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती करून प्रत्येक नागरिकाची नोंदणी करण्याची आणि त्याला असं कार्ड देण्याची तरतूद घातली गेली. गृह मंत्रालयाने काही राज्यांतल्या निवडक भागांत बहुउद्देशीय ओळखपत्राचा प्रयोगही केला. देशभर पोहोचलं ते मात्र आधार, ज्याची सुरुवात 29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत झाली. आधार इथे राहणाऱ्याला मिळतं, आणि ते नागरिकत्वाचा पुरावा नाही हे 2016 च्या कायद्यातच लिहिलंय. इतकी कार्डं, इतके नंबर, त्यात आमच्याकडे मध्य प्रदेश सरकारचा समग्र आयडी वेगळाच. सत्तरीच्या बाईने ‘अजून एक आलंय’ यावर विश्वास ठेवला तर त्यात नवल ते काय!

प्लास्टिकचं आधार कार्ड खरंच मिळतं. 2020 मध्ये ते सुरू झालं तेव्हा 50 रुपये घेत. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर नंबर टाकायचा, ओटीपी द्यायचा, पैसे भरायचे; कार्ड स्पीड पोस्टाने नोंदवलेल्या पत्त्यावर येतं. यात बोट कुठेच लागत नाही. कागदावरचं आधारही तेवढंच चालतं. बीएलओला तर फॉर्म हवा असतो, बोटांच्या मशीनशी त्याचा संबंध नाही. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरी येऊन आधारचं काम करतात, पण ते आपण मागणी केल्यावर.

असं काही घडलं तर आधी 1930 ला फोन करा आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. बँकेत लेखी अर्ज द्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका. ‘साहेब जेवायला गेलेत’ म्हणाले तर बसून राहा. उशीर करू नका, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ग्राहकाने किती दिवसांत कळवलं याला महत्त्व आहे. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. आधारच्या साइटवर गेल्या सहा महिन्यांत आपलं आधार कुठे कुठे वापरलं गेलं तेही दिसतं. आम्ही त्याची प्रिंट काढून अर्जाला जोडली.

ही प्रिंट काढायला आणि बायोमेट्रिक लॉक करायला (म्हणजे बोट टेकवून आधार वापरणं बंद करून ठेवायला) आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, म्हणजे तिथेही काकांचाच नंबर आडवा. आधी आधार केंद्रात जाऊन तो बदलला, मग बँकेतला बदलला, मग बोटं लॉक केली. पुढच्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी ती थोडा वेळ उघडावी लागतील. ते मी करीन, माझ्यासमोर. बँकेचं उत्तर अजून यायचंय.