कणसं उरली म्हणून झिपच्या पिशव्या घेतल्या, त्याचा रिव्ह्यू

पाहुणे गोव्याहून येणार म्हणून मी बेळगावात जांबोटी रोडवर एका कणसांच्या गाडीपाशी थांबलो, "हेंग कोट्री?" (कशी दिली?) विचारलं, शंभरला आठ म्हणाला. कन्नडात जरा दोन वाक्यं जास्त बोललो तर वर दोन द्यायला तयार झाला, मग काय, लगेच दोनशेची घेऊन अठरा कणसं डिक्कीत. घरी येऊन पातेलं चढवतोय तोवर फोन, वाटेत चोर्ला घाटात लै पाऊस, आम्ही परत फिरलो. घरात माणसं चार, त्यातल्या आईला दाढ दुखतीय.

गावठी मका असता तर कुकरला शिट्ट्या काढाव्याच लागल्या असत्या, पण स्वीट कॉर्नला ते नको, उकळत्या पाण्यात पाचेक मिनिटं बास. आणि आजच्या आज शिजवायचा, कारण तोडल्यापासनंच त्यातली साखर पिठूळ व्हायला लागते, दोन दिवस टोपलीत ठेवला की गोडी गेलीच. म्हणून सगळी अठरा उकडली, पोटभर खाल्ली, तरी अकरा उरली. फ्रीजमध्ये तीन-चार दिवसांपलीकडं राहत नाहीत, तेव्हा फ्रीझर.

पहिल्यांदा गल्लीतल्या दुकानातनं पातळ पिशव्या आणल्या. मंडळी म्हणाली गार होऊ दे की, मी कुठला ऐकतोय, गरमच दाणे भरले. वाफ आत, वाफेचं पाणी, पाण्याचा बर्फ, सकाळी बघतो तर दाण्यांची एक वीट. ती पण कप्प्याच्या भिंतीला चिकटलेली (आमचा सिंगल डोअर आहे, बर्फ साचतोच), ओढली तर झिप हातात आणि दाणे खाली चप्पलवर. यात चूक निम्मी माझी, पण झिप पण नावालाच होती.

मग खडेबाजारात प्लास्टिकच्या दुकानात जाऊन जाड, दोन पट्ट्यांच्या झिपवाल्या घेतल्या, १८० ला वीस. महाग वाटतील, पण बोटानं दाबत गेलं की टक टक टक असं शेवटपर्यंत कळतंय लागली म्हणून. यावेळी कणसं पूर्ण गार केली, सुरीनं दाणे उतरवले, फडक्यावर कोरडे केले, ताटात पसरून तासाभर फ्रीझरात ठेवले आणि मग पिशवीत. कोपऱ्यात ज्यूसचा स्ट्रॉ घालून हवा ओढून घेतली, पोरं हसत होती. हवा राहिली तर दाणे पांढरे पडून चामट होतात. आता महिना होत आला, पिशवी हलवली की चिंचोके वाजल्यासारखे दाणे सुटे वाजतात, मूठभर काढायचे नि न वितळवता तसेच उपीटात टाकायचे, गोडी बरीचशी तशीच आहे.

तीन कणसं हौसेनं अख्खी ठेवली होती, ते मात्र नको. दांड्यात पाणी धरतं, परत उकडलं की दाणा स्पंजासारखा लागतो, शिवाय जागा खातात ते वेगळंच.

तक्रारी आहेत की. तारीख लिहायला पांढरी पट्टी दिलीय पण बॉलपेन चालत नाही, मार्करच लागतो. साइज लहान, चार कणसांचे दाणे बसले की फुल्ल. धुऊन परत वापरता येतात, आमच्या दोरीवर चिमट्याला लटकलेल्या बघून शेजारच्या काकूंनी विचारलं हे काय नवीन वाळत घातलंय, पण चौथ्या धुण्यानंतर झिपच्या कोपऱ्यात पिवळट राहतं, ते ब्रशनं घासावं लागतं.

पाचपैकी चार. घ्यायला गेलात तर निळ्या पट्टीचा पॅक मागा, त्याच दुकानात लाल पट्टीचा वीस रुपयानं स्वस्त मिळतोय, तो हातात घेऊन बघितला, गल्लीतला तोच पातळ माल आहे.