मूडल क्विझ: कॉलेजात दोन सत्रं वापरल्यावर

निकाल आधीच सांगतो. मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या सॉफ्टवेअरमधली क्विझ परीक्षा घ्यायला बेताची आणि सराव करून घ्यायला फार चांगली आहे. बहुतेक कॉलेजांत नेमका उलटा वापर होतो. वीस गुणांची अंतर्गत चाचणी लावली की पाच मिनिटांत प्रश्नांचे स्क्रीनशॉट वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात आणि शिक्षक बंदोबस्ताच्या मागे लागतो. तेच प्रश्न अंतर्गत गुणांत न धरता नुसते सरावाला ठेवले, तर कॉपी करून पदरात काही पडत नाही, म्हणून कॉपीही होत नाही.

मूडल २००२ पासून आहे, मुक्तस्रोत आहे, परवान्याला पैसे पडत नाहीत. सर्व्हरला पडतात. गूगल फॉर्म लावायला याहून खूप सोपा आहे, पण त्यात मुळात वेळमर्यादा नाही, आणि चुकलेल्या मुलाला जागेवरच इशारा देऊन पुन्हा प्रयत्न करायला सहज लावता येत नाही. मूडल घ्यायचं ते या दुसऱ्या गोष्टीसाठी.

ती सोय आपोआप मिळत नाही. नवी क्विझ बनवली की प्रश्नांची वागणूक 'डिफर्ड फीडबॅक' असते, म्हणजे सगळं जमा केल्यावर निकाल. ती बदलून 'इंटरॅक्टिव्ह विथ मल्टिपल ट्राइज' करायची आणि प्रत्येक प्रश्नाला खाली दोन हिंट लिहायच्या. हिंट जितक्या, त्यापेक्षा एक जास्त प्रयत्न मिळतो. हिंट लिहिलीच नाही तर एकच. 'सेटिंग चालत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. दर चुकीला एक तृतीयांश गुण कापले जातात, ते तसंच राहू द्यावं.

खरी मेहनत हिंट लिहिण्यात आहे. अर्थशास्त्राचा एक प्रश्न घ्या: चहाची किंमत तीच आहे, कॉफी स्वस्त झाली, चहाच्या मागणीत काय होईल? उत्तर 'मागणीतील ऱ्हास' (किंमत तीच, दुसऱ्या कारणाने मागणी घटणं), पण पुष्कळ मुलं 'मागणीचा संकोच' (वस्तूचीच किंमत वाढल्याने घट) निवडतात. तिथे 'चूक, पुन्हा वाचा' लिहून काही साधत नाही. 'चहाची स्वतःची किंमत बदलली का? नसेल, तर बिंदू त्याच वक्रावर सरकेल की वक्रच सरकेल?' असं लिहिलं तर मूल वहीकडे वळतं. असे चार पर्याय आणि दोन हिंट नीट लिहायला एका प्रश्नामागे वीस मिनिटं सहज जातात. म्हणून आठवड्याला सहा-सात प्रश्न पुरेत, आणि तेही आज शिकवलेल्यावर नकोत, गेल्या आठवड्याच्या भागावर हवेत. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. तासानंतर लगेच घेतलेल्या क्विझचे चकचकीत गुण पाहून हुरळून जाऊ नये, ते यासाठी.

आता मराठीची रड. 'शॉर्ट आन्सर' प्रकारात मूडल अक्षरं जुळवून पाहतं. 'ऱ्हास' मधला तो अर्धा र दोन रीतींनी टाइप होतो: एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, मूडलला मात्र दोन वेगळे शब्द वाटतात, आणि बरोबर उत्तराला शून्य मिळतं. दोन्ही रूपं मान्य उत्तरांत घालावीत. तारांकन (त्या जागी कुठलीही अक्षरं चालतील असं चिन्ह) वापरून '*हास' असं लिहिलं तर 'इतिहास' लिहिणाऱ्यालाही पूर्ण गुण मिळतात! 'न्यूमेरिकल' प्रकारात देवनागरी अंक चालत नाहीत. मराठी कीबोर्डवरून २.५ टाकलं की वैध संख्या लिहा असा संदेश येतो. प्रश्नातच तशी सूचना द्यावी. श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या प्रश्नपत्रिका आधी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय चिकटवल्या तर नुसता कचरा उमटतो.

ढिगाने प्रश्न चढवायला गिफ्ट (प्रश्न मजकुरात लिहायचा मूडलचा साचा) फाइल उत्तम. साधी टेक्स्ट फाइल, दोन प्रश्नांत एक ओळ रिकामी, बरोबर उत्तराआधी =, चुकीच्या आधी ~, अभिप्रायाआधी #. फाइल यूटीएफ-८ मध्येच जतन करावी, एएनएसआयमध्ये केली तर सगळी देवनागरी प्रश्नचिन्हं होऊन जाते. गणितातल्या समीकरणात = आलं की आयात गडबडते; त्या चिन्हाआधी \ टाकावं.

मुलं फोनवरच सोडवतात, हे धरून चालावं. दर पानावर एकच प्रश्न ठेवावा. पान उलटताना उत्तर जतन होतं, रेंज गेली तर नुकसान एका प्रश्नाचं. वेळमर्यादा असेल तर घड्याळ सर्व्हरवर चालूच राहतं, त्यामुळे सरावाला वेळ लावूच नये. आलेखाचा फोनने काढलेला चार एमबीचा फोटो तसाच चढवला की स्वस्त डेटापॅकवाला तिथेच अडकतो. शंभर केबीच्या आसपास आणावा.

वेळ लावलीच, तर सर्व्हरवरचं क्रॉन (ठरल्या वेळी कामं आपोआप करणारा प्रोग्राम) दर मिनिटाला चालतंय ना, हे आधी विचारून घ्या. ब्राउझर बंद करून निघून गेलेल्या मुलांची उत्तरं क्रॉनच जमा करतं. ते बंद असेल तर अशी उत्तरं दुसऱ्या दिवशीही 'चालू' दिसतात आणि गुण येत नाहीत.

स्टॅटिस्टिक्स अहवाल मात्र जरूर उघडावा. फॅसिलिटी इंडेक्स म्हणजे त्या प्रश्नाचे सरासरी गुण टक्क्यांत. डिस्क्रिमिनेशन इंडेक्स सांगतो की बाकी क्विझ चांगली सोडवणाऱ्यांनाच हा प्रश्न आला का. तो उणे आला तर आधी आपली उत्तरसूची तपासावी, बहुधा चूक तिथेच असते. चाळीस मुलांच्या वर्गात हे आकडे डळमळतात, म्हणून त्यावरून मुलांबद्दल निष्कर्ष काढू नयेत.

दीर्घोत्तरी प्रश्नांना 'एसे' प्रकार आहे, पण तपासायचं हातानेच. त्यापेक्षा कागद बरा.

सत्र संपलं की प्रश्नपेढी मूडल एक्सएमएल या फाइल-प्रकारात निर्यात करून स्वतःच्या संगणकावर ठेवावी. होस्टिंगचं नूतनीकरण कार्यालयाकडून राहिलं तर कोर्सबरोबर प्रश्नही जातात. गिफ्टमध्ये चित्रं येत नाहीत, एक्सएमएलमध्ये येतात.