१९६९ची कॅमारो: आहे तशी जपायची, मूळ रूपात आणायची की नव्याने बांधायची?

प्रोजेक्ट म्हणून विकायला निघालेली १९६९ची शेव्हरले कॅमारो साधारण तीन अवस्थांत भेटते. पहिली पूर्ण असते पण थकलेली: इंजिन जागेवर, रंग उडालेला, सीट फाटलेल्या. दुसरी म्हणजे नुसता सांगाडा, इंजिन आणि गिअरबॉक्स गायब. तिसरी कुणीतरी उत्साहाने उघडून अर्धवट सोडलेली, निम्मी गाडी खोक्यांत. मूळपण जपायचं की नाही, हा प्रश्न या तिन्हींना सारखा लागू होत नाही. गाडी विकत घेतानाच त्याचं निम्मं उत्तर ठरून जातं, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी ओळख पटवा

१९६९ मॉडेलच्या २,४३,०८५ कॅमारो बनल्या, ओहायोतल्या नॉरवूड आणि कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइस या दोन कारखान्यांत. त्यांतल्या झेड/२८ या खास आवृत्तीच्या होत्या २०,३०२. साध्या गाडीवर पट्टे आणि बिल्ले चढवून केलेल्या नकला मात्र भरपूर आहेत. त्यांना वाव मिळतो, कारण गाडीचा कारखान्यातला ओळख नंबर (व्हीआयएन) फार थोडं सांगतो. सुरुवात १२४ने असेल तर व्ही-८ आणि १२३ने असेल तर सहा सिलिंडर, एवढंच. एसएस, आरएस की झेड/२८ यांपैकी कोणतं पॅकेज, हे त्यातून कळत नाही. नॉरवूडच्या गाड्यांना साधारण डिसेंबर १९६८पासून इंजिनच्या मागच्या पत्र्यावरच्या पट्टीत ‘एक्स’ कोड आहे. एक्स३३ किंवा एक्स७७ असेल तर झेड/२८, एक्स२२ किंवा एक्स६६ असेल तर ३९६ घन इंचाच्या इंजिनची एसएस. व्हॅन नाइसच्या पट्टीवर हा कोड नसतोच.

इथे बाकीच्या मसल कारशी तुलना उपयोगी पडते. फोर्डची १९६७ किंवा नंतरची गाडी असेल तर तिच्या नंबरावरून कारखान्याच्या नोंदींवर आधारलेला ‘मार्टी रिपोर्ट’ मागवता येतो. पाँटियाकची असेल तर पीएचएस या संस्थेकडून कारखान्याच्या नोंदी मिळतात. डॉज-प्लिमथच्या गाडीच्या नंबरातला पाचवा अंक किंवा अक्षर इंजिनच सांगतं. अमेरिकेत विकल्या गेलेल्या १९६९च्या कॅमारोचं इंजिन आणि पॅकेज सांगणारी अशी नोंद मात्र मिळत नाही. कॅनडात नवी विकली गेली असेल तर जनरल मोटर्स कॅनडाकडून कागद मिळतो. एरवी भरवसा ठेवायचा तो मूळ वॉरंटी पुस्तिकेतल्या धातूच्या पट्टीवर, डीलरच्या बिलावर आणि इंजिनवरच्या शिक्क्यांवर. म्हणून कागद नसलेल्या ‘खऱ्या’ झेड/२८साठी साध्या कॅमारोपेक्षा जास्त पैसे मोजू नका, विकणारा कितीही खात्रीने सांगत असला तरी.

शिक्के असे वाचायचे. प्रवाशाच्या बाजूच्या हेडच्या पुढे ब्लॉकवर एक छोटी सपाट जागा असते. तिथे इंजिन जुळणीचा कोड असतो, उदाहरणार्थ व्ही०२१५डीझेड. म्हणजे फ्लिंटमध्ये १५ फेब्रुवारीला जुळलेलं, झेड/२८चं ३०२ घन इंचाचं इंजिन. सोबत गाडीच्या नंबराचा शेवटचा भाग असतो. १९६९च्या काही गाड्यांत तो या जागेऐवजी ऑइल फिल्टरजवळच्या खडबडीत भागावर सापडतो. ब्लॉकच्या मागच्या कडेला ओतीव तारीख असते: ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, पुढे दिवस आणि वर्षाचा शेवटचा अंक. क्रम आधी ओतकाम, मग इंजिनची जुळणी, मग गाडीची जुळणी असाच हवा. इंजिनमागच्या पत्र्यावरच्या पट्टीवर ०२सी, म्हणजे फेब्रुवारीचा तिसरा आठवडा असेल आणि ब्लॉक मार्चमधला असेल, तर ते इंजिन तिचं नाही. शिक्क्याच्या जागेवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघाही दिसायला हव्यात. त्या नसतील किंवा गोल खुणा असतील, तर जागा घासून नव्याने ठोकलेली असण्याची शक्यता धरून चाला.

डॅशवरची नंबरपट्टी गुलाबाच्या आकाराच्या रिव्हेटनी बसवलेली असते. हाच नंबर आणखी दोन ठिकाणी ठोकलेला असतो: हीटरच्या मागे इंजिनच्या पत्र्यावर आणि वायपरखालच्या जाळीच्या पत्र्याखाली. जुळत नसेल किंवा घासलेला असेल तर तिथूनच परत फिरा. एका गाडीची पट्टी दुसऱ्या गाडीवर चढवून तिची ओळख बदलणं हा अमेरिकेत संघीय गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १९६९ कॅमारोच्या बाबतीत हे मुद्दाम सांगायचं कारण म्हणजे डायनाकॉर्न कंपनी या गाडीचं आख्खं नवं बॉडीशेल बनवते.

गंज: तिन्ही गाड्यांना एकच कसोटी

इंजिन पुन्हा मिळतं, पत्रा पुन्हा मिळायला जड जातो. मिशिगन, ओहायो, न्यू जर्सी या भागांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. तिथल्या गाडीखाली झोपून पाहिल्याशिवाय बोली लावू नका. अ‍ॅरिझोनातल्या गाडीचा डॅश आणि सीट उन्हाने करपलेल्या असतील, पण ते बदलणं स्वस्त पडतं.

सोबत टॉर्च, चुंबक, रंगाची जाडी मोजणारं यंत्र आणि पाण्याची बादली न्या. वायपरखालच्या जाळीत सावकाश पाणी ओता आणि डॅशखाली हात घाला. पाणी आत आलं तर आतला पत्रा कुजलेला आहे. ही दुरुस्ती सगळ्यांत किचकट, कारण त्यासाठी पुढची काच, डॅश आणि वरचा पत्रा सगळं काढावं लागतं. मग मागच्या काचेचे खालचे कोपरे पाहा, विशेषतः छतावर व्हिनाइल असेल तर. गंज त्याखाली लपतो आणि पाणी डिक्कीत उतरत राहतं. डिक्कीच्या बाजूच्या खालच्या पट्ट्या, मागच्या चाकाच्या कमानी आणि मागच्या पाटा-स्प्रिंगची पुढची टोकं जिथे बसतात ते खिसे तपासा. खिसे कुजलेले असतील तर ती गाडी शिकाऊ माणसाने घेऊ नये.

पुढची चौकट, म्हणजे सबफ्रेम, बॉडीला चार ठिकाणी बोल्टने बसते, शिवाय रेडिएटरच्या आधाराखाली दोन रबरं असतात. मागच्या बोल्टचे नट फरशीच्या पोकळीत पिंजऱ्यात बंद असतात. गंजले की बोल्ट फिरवताना नटच आत फिरतो आणि फरशीला खिडकी कापावी लागते. म्हणून आधी दोन-तीन दिवस रोज गंज सैल करणारं भेदक तेल मारा, मगच पाना लावा.

त्या काळी जनरल मोटर्स अ‍ॅक्रिलिक लॅकर मारत असे. कारखान्याचा थर साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा. ३००च्या वर आकडा गेला तर पुन्हा रंगवलेली, हजारच्या पुढे गेला तर खाली पुट्टी.

तिन्ही शेजारी ठेवून

पूर्ण, थकलेल्या गाडीला आमचं झुकतं माप आहे, इंजिन साधं ३०७ घन इंचाचं असलं तरीही. प्रत्येक स्क्रू, क्लिप, ब्रॅकेट जागेवर असतो आणि उघडताना फोटो काढले की तीच तुमची पुस्तिका. शिवाय ३०७चं कॉम्प्रेशन ९:१, म्हणजे आजचं साधं पेट्रोल चालतं. झेड/२८च्या ३०२चं ११:१ आहे. ते त्या काळच्या उच्च ऑक्टेन, शिसंयुक्त इंधनासाठी होतं आणि आज पंपावरच्या ९३ ऑक्टेनवरही ठिणगीचं टायमिंग सांभाळावं लागतं.

सांगाड्याचा फायदा एवढाच की निर्णय सोपा होतो. स्वतःचं इंजिन गेलेलं आहे, ते परत येणार नाही. तारखेने जुळणारा दुसरा ब्लॉक शोधता येतो, पण विकताना तसं स्पष्ट सांगावं लागतं.

खोक्यांतली गाडी दिसायला सगळ्यांत पुढे गेलेली असते, पण तिथेच लोक फसतात. रंग झालेला असतो, मात्र दरवाजे आणि फेंडर बसवून न पाहता. नव्याने बनवलेले फेंडर अनेकदा नीट बसत नाहीत. फटी साधारण ४-५ मिलिमीटरच्या एकसारख्या हव्यात, त्या जुळवताना ताजा रंग खरवडला जातो. दुसरी अडचण हरवलेल्या भागांची. ३०२वरचा धूर कमी करणारा हवेचा पंप आणि त्याच्या नळ्या लोकांनी तेव्हाच काढून फेकल्या, आता मूळ संच शोधायला वेळ आणि पैसा दोन्ही जातात. खोक्यातल्या वस्तूंची यादी करूनच किंमत ठरवा, ‘सगळं आहे’ या शब्दावर नको.

मग मूळपण किती जपायचं?

मूळ रंग बऱ्यापैकी शिल्लक असेल आणि इंजिन तिचंच असेल, तर रंगाला हात लावू नका. नवा रंग कधीही मारता येईल, कारखान्याचा रंग मात्र परत आणता येत नाही. लॅकर पातळ असतो, कडांवर पॉलिशिंग मशीन फिरवलं की क्षणात प्राइमर दिसतो. सौम्य साबण, हाताने मेण, एवढं पुरे. खालच्या बाजूला वाळूचा मारा नको, कारण तिथे कारखान्यातल्या खडूच्या खुणा आणि रंगाचे ठिपके असतात आणि ते नंतर पुरावा ठरतात. शिकागोजवळ नोव्हेंबरमध्ये भरणाऱ्या मसल कार अँड कॉर्व्हेट नॅशनल्स प्रदर्शनात अशा न उघडलेल्या गाड्या पाहून या, नजर तयार होते.

सुरक्षेचे भाग मात्र निःसंकोच बदला: ब्रेकचे होज, व्हील सिलिंडर, गंजलेल्या नळ्या, इथेनॉल सोसणारे इंधन होज, टायर. जुने भाग चिठ्ठी लावून ठेवा. वर्षानुवर्षं उभं असलेलं इंजिन स्टार्टरने फिरवू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल सोडा, दोन दिवस थांबा आणि क्रँकच्या बोल्टवर लांब दांड्याने हाताने फिरवा. पेट्रोलची टाकी आधी रिकामी करा. इंजिन तेल निवडताना जस्त-फॉस्फरसचं प्रमाण १,००० ते १,२०० पीपीएमच्या आसपास पाहा, नाहीतर सपाट टॅपेटचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) घासला जातो. कॅम नवा असेल तर पहिली २०-३० मिनिटं २,००० ते २,५०० आरपीएमवर चालवा, आयडलवर सोडू नका.

कारखान्यासारखी पूर्ण नव्याने करायची असेल तर ती कागदपत्रं असलेल्या, पण आधीच रंग बदललेल्या गाडीलाच शोभते. इथे एकच सूचना वारंवार द्यावीशी वाटते. ब्लॉक मशीन शॉपला देताना लेखी लिहून द्या की शिक्क्याची सपाट जागा घासायची नाही. ब्लॉकचा वरचा भाग सपाट करताना ती सहज पुसली जाते आणि अस्सल इंजिन एका तासात बेनामी होतं. पत्राकामात दाराखालचे पोकळ पत्रे कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत आडव्या-तिरक्या नळ्या वेल्ड करा, नाहीतर बॉडी वाकते आणि दरवाजा कधीच नीट लागत नाही.

सांगाडा, सहा सिलिंडरची गाडी, दोनदा रंगवलेली गाडी यांच्यावर नवं यंत्र चढवायला आमची हरकत नाही, उलट त्या रस्त्यावर येतील याचा आनंदच आहे. फक्त उलटवता येणारं काम आणि कापाकापी यांत फरक करा. पुढचे डिस्क ब्रेक, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, मोठा रेडिएटर हे बोल्टने बसतं. आश्चर्य वाटेल, पण आख्खी नवी सबफ्रेमसुद्धा बोल्टवरच बसते. जुनी कोपऱ्यात ठेवली की झालं. मागचे रुंद टायर मावावेत म्हणून चाकाच्या कमानी कापणं किंवा सहा गिअरच्या टी-५६ गिअरबॉक्ससाठी फरशीतला मधला उंचवटा कापणं मात्र परत फिरवता येत नाही.

४३० अश्वशक्तीचं एलएस३, म्हणजे जनरल मोटर्सचं आधुनिक व्ही-८, टाकताना लोक इंजिनच्या किमतीचा हिशेब करतात आणि बाकीचा विसरतात. ऑइल पॅन सबफ्रेमच्या आडव्या पट्टीवर अडतो, म्हणून वेगळा पॅन लागतो. कार्ब्युरेटरला ५ ते ७ पीएसआय इंधन दाब पुरतो, एलएसला ५८ हवा. म्हणजे टाकीत पंप, नवी लाइन, दाब नियंत्रक. जुन्या लाइनमधून एवढा दाब नेला तर जोडांतून गळती होते आणि आगीचा धोका असतो. त्यात वायरिंग, माउंट, एक्झॉस्ट आणि मागचा डिफरन्शियल धरा. साध्या ३०७च्या गाड्यांना बहुधा १० बोल्टचा असतो, या ताकदीला १२ बोल्टचा किंवा त्याहून मजबूत हवा.

कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना धूर चाचणी माफ आहे, त्यामुळे १९६९ला तिथे इंजिन बदल अडत नाही. गाडी कधी भारतात न्यायचा विचार असेल, तर आयातीचे नियम आधी वेगळे तपासा. २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी ५० वर्षांहून जुनी गाडी मूळ स्वरूपात राखलेली, मोठे फेरफार न झालेली असावी लागते. एलएस३वाली कॅमारो त्या व्याख्येत बसणार नाही.