गळ घेऊन सहकुटुंब धरणावर: उजनी की भंडारदरा?

मुलं पहिल्यांदाच गळ हातात धरणार असतील, तर धरण निवडताना देखावा नंतर बघावा. आधी काठ कसा आहे आणि काठाजवळ कोणता मासा फिरतो ते बघावं. आठ-नऊ वर्षांचं पोर काठी धरून फार तर अर्धा तास शांत बसतं. तेवढ्या वेळात दोरीला बांधून पाण्यावर तरंगत ठेवलेलं भेंड एकदाही बुडालं नाही, की ते उठून पाण्यात दगड टाकायला लागतं आणि मग कुणाच्याच गळाला काही लागत नाही.

पुण्याकडून निघणाऱ्या कुटुंबांचा घोळ बहुतेक वेळा उजनी आणि भंडारदरा या दोन नावांपाशी होतो. जवळ पडतं म्हणून पवनेचंही नाव निघतं. तिन्ही ठिकाणच्या पाण्याचा स्वभाव अगदी वेगळा आहे आणि निवड त्यावरच ठरते.

उजनीची भिंत सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात आहे. पण गळ टाकायला तिथवर जायची गरज नाही. भीमेचा फुगवटा कितीतरी मागे, भिगवण, डिकसळ, कुंभारगाव, पळसदेव या पट्ट्यात पसरला आहे आणि पुण्याहून सोलापूर रस्त्याने तो शंभरेक किलोमीटरवर येतो. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचा साठा ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) घरात आहे. तो सपाट मुलखात पसरल्यामुळे काठालगतचं पाणी उथळ राहतं, लवकर तापतं आणि त्यात माशांना खाणं भरपूर मिळतं.

या उथळ पाण्यात चिलापी, म्हणजे तिलापिया मासा, राहतो. मुलांसाठी याहून सोपा मासा आपल्याकडे नाही. गांडूळ घेते, कणकेच्या गोळीलाही येते, आणि काठापासून चार-पाच हात अंतरावर सापडते. साधी बांबूची काठी, तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, बारीक गळ, शिशाचा एक मणी आणि भेंड एवढ्यावर काम भागतं. महागडा रॉड आणि रील लागत नाही. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, भारतात १९५२ मध्ये आणला गेला. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेकदा वीण होते, त्यामुळे चिलापी झपाट्याने वाढली आणि तिने इथल्या मूळच्या माशांची जागा खाल्ली. म्हणूनच मुलांनी चार-सहा चिलापी घरी नेल्या तर मला त्यात काहीच वावगं वाटत नाही. मरळीचं लहान पिल्लू किंवा बोटभर वाम लागली, तर मात्र ती परत सोडायला मुलांना त्याच वेळी शिकवावं.

चिलापीच्या पाठीवरचे काटे चांगलेच टोचतात. हात ओला करून डोक्याकडून शेपटीकडे फिरवला की काटे मिटतात, मग मासा नीट धरता येतो. शिंगाडा नावाचा मासा लागला तर तो मोठ्या माणसानेच सोडवावा, कारण त्याच्या कल्ल्यामागचा काटा लागला की हात बराच वेळ ठणकतो. गळाचं उलटं टोक आधीच पकडीने दाबून टाकलं तर मासाही लवकर सुटतो, आणि पोराच्या बोटात गळ रुतला तरी दवाखाना गाठावा लागत नाही. कटला, रोहू, मृगळ हे मोठे मासेही उजनीत आहेत, पण त्यांच्यासाठी जाड दोरी, शेंगदाण्याच्या पेंडीचं आमिष आणि निम्मा दिवस धीर लागतो. ती हौस मोठ्यांनी पहाटे, मुलं उठण्याआधी भागवून घ्यावी.

उजनीचं दुखणंही सांगायला हवं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी नद्यांमधून शेवटी याच पाण्यात येतं. उन्हाळा वाढतो तसा काही ठिकाणी हिरवा तवंग धरतो आणि वासही येतो. अशा जागी बसू नये, तिथला मासा खाऊ नये. मुलांना पाण्यात डुंबू देऊ नये आणि डबा उघडण्याआधी घरून आणलेल्या पाण्याने हात साबण लावून धुवावेत. मराठी मुलखातल्या एवढ्या मोठ्या जलाशयाची ही अवस्था बघून जीव तुटतो. तरी मुलांना ती दिसावी असं मला वाटतं, कारण शहरातल्या नळाखालून गेलेलं पाणी पुढे कुठे पोचतं हे इथे त्यांच्या डोळ्यांसमोर असतं.

भंडारदऱ्याचं सगळंच उलट आहे. प्रवरेवरचं हे विल्सन धरण १९१० मध्ये बांधायला घेतलं आणि १९२६ मध्ये पूर्ण झालं. भिंत ८२ मीटर उंच. साठा साधारण ११ टीएमसी, म्हणजे उजनीच्या दहाव्या हिश्शाइतका, पण तो डोंगरांच्या कुशीत असल्यामुळे खोल, थंड आणि बराच स्वच्छ. मासे आहेत, पण ते खोल पाण्यात पांगलेले असतात. काठावर काठी धरून बसलेल्या मुलाच्या वाट्याला तास-दोन तास काहीच न येणं इथे अगदी नेहमीचं आहे. काठ खडकाळ आणि मुरमाड, आणि दोन पावलांत पाणी खोल होतं. उजनीच्या काठावर पोर घसरलं तर गुडघाभर चिखलात बसतं. इथे घसरलं तर पोहता येणाऱ्या माणसालाच लगेच उडी घ्यावी लागेल. दहा वर्षांखालच्या मुलांना घेऊन मी भंडारदऱ्याला फक्त गळासाठी जाणार नाही.

पण गळ टाकणं हा दिवसातल्या अनेक कार्यक्रमांपैकी फक्त एक असेल, तर भंडारदरा उजनीला सहज मागे टाकतो. शेंडीहून नावेने रतनवाडी, तिथलं अमृतेश्वराचं मंदिर, समोर रतनगड, पलीकडे १,६४६ मीटरचं कळसूबाई. ज्यांना माशांचं काही पडलेलं नाही अशा आजी-आजोबांचा आणि आत्या-मावश्यांचा दिवसही इथे छान जातो. उजनीच्या काठावर सावली कमी, त्यांना दुपार जड जाते. म्हणजे घरात गळाचं वेड एकालाच असेल तर भंडारदरा, आणि पोरांनाच मासा धरायचा असेल तर उजनी. पुण्याहून भंडारदरा पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास असल्याने मुक्काम धरूनच निघावं. मुंबईकरांना मात्र कसारा, इगतपुरी, घोटीमार्गे हेच सोयीचं.

पवनेबद्दल थोडक्यात. तुंग, तिकोना, लोहगड सभोवती, पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत, हे सगळं खरं. पण काठाची बरीच जमीन खासगी तंबूवाल्यांकडे गेली आहे, शनिवार-रविवारी गाणी आणि गर्दी असते, आणि उतार फसवा आहे. पोहायला उतरलेल्यांच्या बुडण्याच्या बातम्या तिथून वारंवार येतात. आठवड्यातल्या मधल्या वारी सुट्टी मिळत असेल तरच विचार करावा.

परवानगीचा विषय बरेच जण हसण्यावारी नेतात, तसं करू नये. जलाशयांतली मासेमारी शासन साधारणपणे मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने देतं. मत्स्यबीज त्यांनी सोडलेलं असतं आणि पोट त्यावर चालतं. गावात पोचल्यावर आधी संस्थेच्या माणसाला किंवा काठावरच्या मच्छीमाराला भेटावं, काय करणार ते सांगावं, पैसे मागितले तर द्यावेत. चिलापी कुठे घेते आणि गाळ कुठे फसवा आहे, हेही तेच दादा सांगतात. भंडारदऱ्याच्या रतनवाडी-घाटघर बाजूचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणून तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय गळ काढूच नये. भिंतीजवळ कुठल्याच धरणावर बसू नये, आणि भिंतीखालच्या नदीपात्रात तर मुळीच नाही. पाणी सोडलं की पात्र बघता बघता भरतं.

महिना चुकला तर बरोबर निवडलेलं धरणही उपयोगाचं नाही. पावसाळ्यात दोन्हीकडे गळ घरीच ठेवावा. मासे तेव्हा गाबोळीला आलेले, म्हणजे अंडी घालायच्या बेतात असतात आणि काठ निसरडे होतात. उजनीला माझी पसंती फेब्रुवारीचा शेवट ते मार्चच्या मध्यापर्यंत. चिलापीला ऊब लागते. डिसेंबर-जानेवारीच्या थंड सकाळी ती सुस्त असते आणि ऊन चढल्यावरच आमिषाला येते. फेब्रुवारी सरताना पाणी तापू लागतं, रोहित पक्षीही अजून असतात. मुलं कंटाळली की कुंभारगावला नावेतून पक्षी दाखवता येतात, आणि दुपारी भिगवणच्या आसपास चिलापी फ्राय आणि भाकरी मिळते. मे महिन्यात पाणी मागे हटतं, कंबरभर गाळ उघडा पडतो आणि दुपारनंतर वावटळी उठतात. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीला निघालेली नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. आभाळ भरलं असेल तर नावेचा हट्ट कुणी धरला तरी ऐकू नये, आणि लाइफ जॅकेटशिवाय मुलाला नावेत बसवूच नये.

भंडारदऱ्याला ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. धरण भरलेलं असतं, डोंगर अजून हिरवे असतात आणि पाणी चढायचं थांबलेलं असतं. सह्याद्रीतल्या स्वच्छ पाण्यात कधी नशिबाने खडस (महसीर मासा) लागला, तर त्याला पाण्यातच ठेवून गळ काढावा आणि सोडून द्यावा. त्याची संख्या टिकावी म्हणून लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याचं बीज तयार केलं जातं.

वर्षात दोनदा निघणं जमत असेल तर आधी मार्चमध्ये उजनी करावं आणि मग ऑक्टोबरात भंडारदरा. मधल्या महिन्यांत मुलांना पोहायला शिकवून घ्यावं.