कुकू राइस कुकर: भात झकास, पण नाटकही बघा

आमच्याकडे कुकूचा प्रेशर राइस कुकर आहे, कोरियन, बोलणारा. इंद्रायणी आणि आंबेमोहोर यात असला भारी होतो ना, मऊ पण गिचका नाही. बासमती मोकळा हवा असेल तर पातेलंच बरं, हा मुळात आखूड चिकट तांदळासाठी बनवलाय. शिट्ट्या मोजायची भानगड नाही, वाफ सोडायच्या आधी तो स्वतःच सांगतो आणि भात झाला की नीट हलवून घ्या म्हणतो, कोरियनमध्ये. वरण-भाताचे डबे एकावर एक ठेवून लावायची सोय मात्र नाही, हे आधीच लक्षात घ्या.

पण हा बोलका आवाज नुसता गोड वाटायचा, तो जाहा कूचं 'कुकू' बघेपर्यंत. 2017चं नाटक, माणूस कोरियन, राहतो बेल्जियममध्ये. स्टेजवर तो आणि हेच कुकर, तीन. एक खरंच भात शिजवतो, बाकीचे दोघं हॅक केलेले, गातात काय, भांडतात काय! आधी हसू येतं, मग विषय दक्षिण कोरियाच्या 1997च्या आर्थिक संकटावर जातो, सुमारे 5,500 कोटी डॉलरचं पॅकेज, आयएमएफच्या (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) अटी, गेलेल्या नोकऱ्या, आत्महत्या, आणि बाजूला भात शिजतोच आहे. तेव्हा तिथल्या लोकांनी देशाचं कर्ज फेडायला घरातल्या अंगठ्या-साखळ्या नेऊन दिल्या होत्या. (आपलं 1991 आठवा, रिझर्व्ह बँकेचं 47 टन सोनं परदेशात गहाण.)

नंतर मी वाचत बसले तर कळलं की भाताचं आणि परक्या सत्तेचं नातं तिथं फार जुनं आहे. 1910 ते 1945 जपानचं राज्य. 1920 पासून तांदूळ वाढवायची मोठी योजना, पीक वाढलं, पण जपानला जाणारा तांदूळ त्याहून जास्त वाढला आणि पिकवणाऱ्याच्या ताटात मांचुरियाचा राळा. स्वातंत्र्यानंतरही चांगला कुकर म्हणजे जपानचाच, हत्ती छाप झोजिरुशी! 1983 मध्ये कोरियातल्या बुसान शहरातल्या बायका जपानच्या ट्रिपला जाऊन ते कुकर उचलून आणतात आणि त्यावरून देशात केवढा गहजब, मग सरकार देशी कंपन्यांच्या मागे लागलं की असा कुकर तुम्ही बनवा. कुकूवाले आधी दुसऱ्यांच्या नावानं कुकर बनवून द्यायचे, संकटात ऑर्डरी आटल्या तेव्हा 1998 मध्ये स्वतःच्या नावानं विकायला लागले. म्हणजे ज्या संकटावर नाटक आहे त्याच संकटातून आलेला ब्रँड स्टेजवर बसवलाय, ही निवड मला जाम आवडली. नाटक कुठे लागलं तर सोडू नका, भाताचा वास थेट खुर्चीपर्यंत येतो, जेवून जा.

कुकरचं म्हणाल तर स्वस्त नाही, रोज भात होत असेल तरच घ्या. आणि घरात खरवडीवरून मारामारी होत असेल तर नुरुंगजी मोडवालं मॉडेल बघा, तळाला मुद्दाम खरपूस थर धरतो, त्यावर तूप-मीठ.