टनेलचं बुकिंग खरं होतं, म्हणूनच फसवणूक कळली नाही

इंग्लंडमध्ये मोटरहोम (आत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन फ्रान्स, बेल्जियमकडे जाण्याचा बेत आता नागपुरातलेही काही जण करतात. विमानाची तिकिटं, हॉटेल, व्हिसा यांत लोक कसे फसतात हे आपण ऐकून असतो. पण इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधला समुद्र गाडीसकट ओलांडायचा कसा, त्याचे नियम काय, पैसे कशाचे लागतात, हे इथे सांगणारं सहसा कुणी भेटत नाही. आमच्या एजंटाने नेमकी हीच जागा हेरली. जे आमच्याबाबत झालं ते दुसऱ्या कुणाबाबत होऊ नये म्हणून सगळं तपशीलवार लिहिते आहे.

मी, आमचे हे, धाकटे दीर आणि जाऊ असे चौघं २०२४ च्या मे महिन्यात गेलो. मोटरहोम आम्ही इंग्लंडमधल्या कंपनीकडून थेट घेतलं होतं आणि त्यांनी गाडी, करार, कागदपत्रं सगळं चोख दिलं. गाडी दीर चालवणार होते. त्यांनी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला होता आणि साध्या कारच्या परवान्यावर चालेल अशी ३,५०० किलोच्या आतलीच गाडी निवडली होती. विमानाची तिकिटं आणि समुद्र ओलांडण्याचं बुकिंग मात्र इथल्या एजंटाकडे दिलं. आमच्या कॉलनीतल्या कितीतरी लोकांना त्याने चारधाम करवून आणलं होतं, एकाचीही तक्रार नव्हती.

मार्ग दोन. एक टनेलचा. फोकस्टोनला आपली गाडी रेल्वेच्या बंद डब्यात चढवायची, आपण गाडीतच बसून राहायचं आणि ३५ मिनिटांत फ्रान्समध्ये कॅलेजवळ उतरायचं. १९९४ साली सुरू झालेला हा बोगदा सुमारे ५० किलोमीटरचा आहे आणि त्यातले जवळजवळ ३८ किलोमीटर समुद्राच्या तळाखालून जातात. दुसरा मार्ग फेरीचा. डोव्हरहून कॅलेला साधारण दीड तास, डंकर्कला दोन तास, न्यूहेवनहून दिएपला चार तास. यांना फेरी हवी होती, डोव्हरचे पांढरे कडे समुद्रावरून बघायचे होते. जाऊबाईंना बोट लागते, गेटवेहून एलिफंटाला जातानाही त्यांचे हाल झाले होते. म्हणून टनेल ठरलं. एजंटानेही टनेलचाच आग्रह धरला. त्याचं कारण पुढे कळलं.

त्याने पहिली थाप मारली ती गॅसची. "काकू, मोटरहोममध्ये सिलिंडर असते ना, म्हणून टनेलवाले गाडी घेतच नाहीत. स्पेशल परवानगी काढावी लागते. तुम्ही टेन्शन घेऊ नका, आपला माणूस आहे तिकडे." त्या परवानगीचे त्याने १८,००० रुपये लावले. या थापेत अर्धं खरं होतं, म्हणून ती पचली. ज्या गाडीचं इंजिनच एलपीजीवर चालतं तिला टनेलमध्ये खरोखर मनाई आहे. पण मोटरहोममधल्या स्वयंपाकाच्या गॅसला नाही. सुटा सिलिंडर ४७ किलोपर्यंतचा चालतो, एकाहून जास्त असले तर मिळून ५० किलो, आणि गाडीला कायमची बसवलेली टाकी ९३ किलोपर्यंत, तीही ८० टक्क्यांहून जास्त भरलेली नको. आपल्या घरचा सिलिंडर १४.२ किलोचा असतो आणि आमच्या मोटरहोममधला त्याहूनही लहान होता. असली कुठली परवानगी काढावीच लागत नाही. गॅस बंद ठेवायचा आणि तो बंद आहे हे तिथल्या माणसाला दाखवायचं, एवढंच.

दुसरी थाप 'प्रति प्रवासी टनेल शुल्का'ची. टनेलचे पैसे गाडीमागे लागतात, माणसामागे नाहीत. त्याच भाड्यात गाडीत नऊ जणांपर्यंत बसता येतं. आमच्याकडून त्याने चौघांचे वेगवेगळे पैसे घेतले.

तिसरी गोष्ट थाप नव्हे, सरळ चोरीच होती. त्याने आमच्या नावाने खरंखुरं बुकिंग केलं. बनावट कागद नाही, खोटा क्रमांक नाही. गाडीचा नंबर, उंची, जाण्यायेण्याच्या तारखा सगळं बरोबर. बुकिंगचा क्रमांक मी स्वतः टनेलच्या कंपनीच्या साइटवर टाकून पाहिला होता आणि तो दिसलाही होता. तोच कागद आम्ही फ्रान्स-बेल्जियमला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या अर्जाला जोडला. फक्त हे तिकीट सगळ्यांत महागातलं होतं, रद्द केलं तर पूर्ण पैसे परत मिळतात त्या प्रकारचं, आणि ते काढलं होतं त्याच्या ईमेलवरून, त्याच्या कार्डाने. आमचे व्हिसा हातात आल्यावर त्याने ते गुपचूप रद्द केलं आणि पैसे स्वतःच्या कार्डावर परत घेतले. कंपनीची सूचना अर्थातच त्याच्या ईमेलवर गेली.

फोकस्टोनला गाडीचा नंबर कॅमेऱ्याने वाचला जातो आणि पडद्यावर आपलं नाव येतं. आमचं आलं नाही. खिडकीतल्या बाईंनी क्रमांक तपासला आणि शांतपणे सांगितलं की बुकिंग होतं, पण ज्याने केलं त्यानेच कधीचं रद्द केलं आहे. दीर माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, ह्या बाई काय म्हणून राहिल्या?" मला उत्तरच सुचेना. परदेशात, भाड्याच्या एवढ्या मोठ्या गाडीत, मागे गाड्यांची रांग आणि हातात निरुपयोगी कागद. त्या वेळी वाटलेली भीती अजून गेलेली नाही. एजंटाला फोन लावला. आधी उचलला नाही, मग म्हणाला, "सिस्टिमचा प्रॉब्लेम असेल, मी बघतो." त्यानंतर फोन बंद.

त्या दिवसाचा टनेलचा दर आमच्या आवाक्याबाहेरचा निघाला. गाडी वळवून जवळच्या डोव्हरला गेलो आणि मिळेल त्या फेरीचं तिकीट काढलं. फेरीवाले गाडीची लांबी-उंची विचारतात. मागे सायकलचा स्टँड असेल तर तोही लांबीत धरतात, म्हणून भाड्याच्या गाडीचं खरं माप आधीच लिहून घ्यावं. फ्रान्सचे पोलीस पासपोर्ट डोव्हरलाच तपासतात, पलीकडे उतरल्यावर नाही. त्यांनी परतीचा पुरावा मागितला तेव्हा आमच्याजवळ टनेलचा तोच रद्द झालेला कागद होता. विमानाची तिकिटं खरी होती म्हणून निभावलं. नाहीतर व्हिसाच्या अर्जाला जोडलेलं बुकिंग रद्द कसं, याचं उत्तर आम्ही काय देणार होतो? तिकिटाच्या पैशांपेक्षा मला हा प्रकार जास्त घातक वाटतो. चोरी त्याने केली, पण खोटे ठरलो असतो आम्ही.

परतताना टनेलचं तिकीट दिरांनी मोबाइलवरून थेट कंपनीकडे काढलं, काही मिनिटांत. कॅलेच्या बाजूला माणसाने गॅसची कळ बंद आहे का ते पाहिलं आणि आत सोडलं. परवानगीचा कागद कुणी विचारला नाही.

नागपूरला आल्यावर यांनी आयकराच्या साइटवर फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या नावावर सरकारकडे जमा झालेल्या कराची नोंद, उघडला. परदेशी पॅकेज म्हणून एजंटाने आमच्याकडून ५ टक्के टीसीएस (विकणाऱ्याने ग्राहकाकडून घेऊन सरकारकडे भरायचा कर) घेतला होता आणि पावतीवर तसं लिहिलंही होतं. २६एएसमध्ये त्याची नोंदच नव्हती. म्हणजे सरकारच्या नावाने घेतलेले पैसेही त्याने खिशात घातले होते. टीसीएस घेऊन न भरणं हा आयकर कायद्याने गुन्हा आहे. ती प्रिंट घेऊन हे आणि दीर त्याच्या ऑफिसात गेले. तोवर "कंपनीकडून रिफंड आला नाही" म्हणणारा माणूस त्या कागदाकडे बघून गप्प झाला आणि आठवड्याभरात बुकिंगची मूळ रक्कम खात्यात जमा झाली. गॅसच्या परवानगीचे, चौघांच्या शुल्काचे, टीसीएसचे आणि फेरीच्या जादा खर्चाचे पैसे मात्र तो द्यायला तयार नाही.

एजंटाकडून टनेल किंवा फेरीचं बुकिंग करणार असाल तर ते तुमच्या ईमेलवर आणि शक्यतो तुमच्याच कार्डाने करून घ्या, म्हणजे रद्द झालं तर कळेल तुम्हाला आणि पैसेही येतील तुमच्याकडेच. एकदा तपासून थांबू नका. व्हिसा आल्यावर पुन्हा पाहा, निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहा. पावतीवर टीसीएस असेल तर एजंटाचा टॅन क्रमांक (असा कर भरणाऱ्याला आयकर खातं देतं तो) आणि टीसीएसचं प्रमाणपत्र मागा. पैसे व्यक्तीच्या बचत खात्यात भरायला सांगत असेल तर भरू नका. आमच्या एजंटाने काही रक्कम तशीच घेतली होती आणि आता ते खातं आपलं नाहीच म्हणतो.

उरलेल्या पैशांसाठी आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात गेलो आहोत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीचं शुल्क लागत नाही, वकील असलाच पाहिजे असं नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. ऑनलाइन पैसे जाऊन फसवणूक लगेच लक्षात आली तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा, खात्यातले पैसे गोठवायची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. आमच्या वेळी ती वेळ कधीच निघून गेली होती. आयोगापुढे आम्ही पावत्या, रद्द झालेलं बुकिंग, २६एएसची प्रिंट आणि फेरीचं तिकीट जोडलं आहे. त्याच माणसाकडून फसलेलं आणखी एक कुटुंबही आता आपले कागद घेऊन आमच्याबरोबर यायला तयार झालं आहे.